रेशनच्या धान्यातून पौष्टिक जेवण: कमी खर्चात महिनाभराचे नियोजन

रेशनच्या तांदूळ-गव्हाने पोट भरते, पण तेवढ्याने शरीराचे पूर्ण पोषण होत नाही. डाळ, भाजी, तेल आणि शेंगदाणे यांसाठी हातात थोडेच पैसे असतात. ते आधी कशावर खर्च करायचे, हे ठरवण्यासाठी हा लेख आहे. कोणत्या योजनेतून घरात काय येते, महिन्याचा हिशोब कसा मांडायचा आणि नेहमीच्याच पदार्थांतून जास्त पोषण कसे मिळवायचे, हे यात क्रमाने दिले आहे.

तुमच्या हक्काचे काय आहे

स्वयंपाकाचे नियोजन करण्याआधी घरात काय मोफत येते ते मोजा.

१. रेशनचे धान्य: राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक सदस्याला दरमहा ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला सदस्य कितीही असले तरी दरमहा ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली ही सोय १ जानेवारी २०२४ पासून पुढे ५ वर्षांसाठी वाढवण्यात आली.

२. अंगणवाडीतील पूरक आहार: ६ महिने ते ६ वर्षे वयाची मुले, गर्भवती आणि बाळंतपणानंतर ६ महिन्यांपर्यंतच्या माता यांना हा आहार मोफत मिळतो. लहान मुले आणि मातांना तो घरी न्यायला देतात. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच गरम, ताजे जेवण मिळते.

३. शाळेतील जेवण: सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पीएम पोषण योजनेतून दुपारचे जेवण मोफत मिळते.

४. मातृत्वाचा लाभ: प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये बँक खात्यात मिळतात. आईच्या आहारासाठी आणि विश्रांतीसाठी हे पैसे आहेत. नोंदणीसाठी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना भेटा.

काही राज्ये याशिवाय डाळ, तेल, मीठ किंवा साखर सवलतीत देतात. दुकानातील फलक आणि तुमची पावती पाहून खात्री करा.

धान्य किती दिवस पुरते

५ किलो धान्य ३० दिवसांत वाटले तर माणशी रोज सुमारे १६५ ग्रॅम येते. लहान मुलाला ते पुरते. शेतात, बांधकामावर किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाला यापेक्षा बरेच जास्त धान्य लागते. त्यामुळे बहुतेक घरांत महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस ओढाताणीचे असतात.

त्यावर सोपा उपाय म्हणजे धान्य घरी आल्याच दिवशी त्याचे चार भाग करणे. तांदूळ आणि गहू चार पिशव्यांत किंवा डब्यांत भरा आणि एका आठवड्यात एकच उघडा. दुसऱ्या आठवड्यातच तूट दिसली, तर बाहेरून किती धान्य घ्यावे लागेल ते वेळेवर कळते. महिनाअखेर उधारीवर महाग घेण्याची वेळ कमी येते.

पाचास एक: डाळीचा नियम

शाळेतील जेवणासाठी सरकारने माप ठरवून दिले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ. दोन्हींत प्रमाण एकच आहे: पाच भाग धान्य, एक भाग डाळ.

हेच माप घरी वापरा. पाच वाट्या धान्याला एक वाटी डाळ किंवा कडधान्य, याखाली जाऊ नका. जमेल तेव्हा तीन वाट्यांना एक वाटी करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत तीनास एक हेच प्रमाण चांगले मानले आहे.

याचे कारण असे. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात मिळतो. दोन्ही एकत्र खाल्ले की शरीराला त्यांचा चांगला उपयोग होतो. वरण-भात, खिचडी, उसळ-भाकरी हे आपले जुने जोड याच कारणाने योग्य आहेत. चूक होते ती प्रमाणात: भाताचा डोंगर आणि त्यावर पळीभर पातळ वरण.

पैसे आधी कशावर

पाच माणसांच्या कुटुंबाला प्राधान्य शिधापत्रिकेवर २५ किलो धान्य मिळते. त्याच्या जोडीला महिन्याची खरेदी या क्रमाने करा. पैसे जिथे संपतील तिथे थांबा, पण क्रम बदलू नका.

१. डाळी आणि कडधान्ये: ५ किलो. एकाच प्रकारची न घेता तूर, मसूर, मूग, मटकी, हरभरा यांपैकी त्या महिन्यात स्वस्त असतील त्या दोन-तीन घ्या.
२. खाद्यतेल: २ किलो. म्हणजे माणशी रोज सुमारे तीन लहान चमचे.
३. भाजी: रोज निदान अर्धा किलो. आठवड्यातून तीन दिवस तरी पालेभाजी.
४. शेंगदाणे: १ किलो. कूट करून ठेवा.
५. सोयावडी: अर्धा किलो.
६. आयोडीनयुक्त मीठ: १ किलो. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, म्हणून हे पाकीट पाच जणांना महिन्याहून जास्त पुरायला हवे. लवकर संपत असेल तर मीठ जास्त पडते आहे असे समजा.
७. अंडी, दूध, ताक: जेवढे जमेल तेवढे, आधी मुलांसाठी आणि गर्भवतीसाठी.

बिस्किटे, कुरकुरीत पुडे, गोड सरबते यांचा खर्च आठवडाभर लिहून काढा. रोज ५ रुपयांचे दोन पुडे म्हणजे महिन्याला ३०० रुपये. बिस्किटांत मुख्यतः मैदा, साखर आणि तेल असते. शेंगदाणे १५० रुपये किलो असतील, तर ५ रुपयांत सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर येतात. गुळाच्या खड्याबरोबर तेच मुलाला द्या. अगदी लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकू शकतात. त्यांना कूट द्या.

कोणती वस्तू खरोखर स्वस्त

किलोचा भाव पाहून स्वस्त-महाग ठरवले तर फसगत होते. त्याऐवजी १० ग्रॅम प्रथिने किती रुपयांना पडतात ते पाहा. साधारण १० ग्रॅम प्रथिनांसाठी इतके लागते:

• सोयावडी: २० ग्रॅम
• सुकी मासळी (बोंबील, सुकट): सुमारे २० ग्रॅम
• शेंगदाणे: ४० ग्रॅम
• तूरडाळ, मसूरडाळ: ४५ ग्रॅम
• मटकी: ४५ ते ५० ग्रॅम
• अख्खा हरभरा: ५५ ग्रॅम
• अंडी: दीड
• दूध: ३०० मिलिलिटर

उदाहरण पाहा. समजा तुमच्या बाजारात तूरडाळ १३० रुपये किलो, सोयावडी १२० रुपये किलो आणि अंडे ७ रुपयांना आहे. मग १० ग्रॅम प्रथिने तूरडाळीतून सुमारे ६ रुपयांना, सोयावडीतून सुमारे अडीच रुपयांना आणि अंड्यांतून साडेदहा रुपयांना पडतात. तुमच्याकडचे भाव घालून हा हिशोब एकदा करा. याचा अर्थ अंडी बंद करा असा नाही. अंड्यातून मिळणारी काही जीवनसत्त्वे डाळीत नसतात. पण रोजची भर डाळ आणि सोयावडीवर ठेवून अंडी आठवड्यातून दोनदा आणली, तर खर्च आवाक्यात राहतो.

भाजी: फेकतो त्यातही पोषण आहे

मुळ्याचा पाला, बीटची पाने, कोवळा फ्लॉवरचा पाला, माठाचे देठ फेकू नका. ते धुऊन, बारीक चिरून डाळीत घाला. दारात शेवग्याचे झाड असेल तर त्याचा पाला वर्षभर उपयोगी पडतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, घोळ अशा रानभाज्या मिळतात. ज्या भाज्या तुम्ही नक्की ओळखता त्याच घ्या.

बाजारात संध्याकाळी भाव उतरतो. दुधी, लाल भोपळा, कोबी या भाज्या दोन-तीन दिवस टिकतात, त्या एकदम घ्या. पालेभाजी मात्र त्याच दिवशी शिजवा.

शिजवताना घ्यायची काळजी

• तांदूळ दोनदाच धुवा. चोळून वारंवार धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्यात निघून जातात. मोजके पाणी घालून भात शिजवा आणि पेज काढलीच तर ती फेकू नका, प्या.
• भाजी आधी धुवा, मग चिरा.
• डाळ अर्धा ते एक तास, कडधान्य रात्रभर भिजवा. लवकर शिजते आणि गॅस वाचतो.
• कडधान्याला मोड आणल्यास त्यात क जीवनसत्त्व वाढते. लहान मुले आणि गर्भवतींसाठी मोड आलेले कडधान्यही शिजवूनच द्या.
• जेवणात लिंबाची फोड, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो ठेवा. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याची मदत होते.
• जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा टाळा. चहामुळे लोह कमी शोषले जाते.

पाच जणांसाठी पाच पदार्थ

१. भाज्या घातलेली खिचडी
तीन वाट्या तांदूळ, एक वाटी मूग किंवा मसूरडाळ, दोन वाट्या चिरलेली भाजी. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, हळद, लसूण यांची फोडणी करा. भाजी, डाळ, तांदूळ परता, नऊ वाट्या पाणी आणि मीठ घाला. कुकरला तीन-चार शिट्ट्या करा. वाढताना शेंगदाण्याचे कूट भुरभुरवा.

२. पालेभाजीची पातळ भाजी
एक वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे शिजवून घ्या. पालक, माठ किंवा चाकवताची एक जुडी चिरून त्यात शिजवा. चमचाभर बेसन पाण्यात कालवून लावा. वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी द्या.

३. पिठले
कांदा, लसूण, हिरवी मिरची फोडणीत परता. एक वाटी बेसन चार वाट्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून ओता. मीठ घालून सतत हलवा आणि झाकण ठेवून शिजवा. भाकरी आणि कच्च्या कांद्याबरोबर खा. डाळ शिजवायलाही गॅस नसेल त्या दिवशी हा पदार्थ पंधरा मिनिटांत होतो.

४. सोयावडीचा रस्सा
५० ते ६० ग्रॅम सोयावडी गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवा, घट्ट पिळून चिरा. कांदा, टोमॅटो, एक बटाटा आणि नेहमीचा मसाला परतून त्यात वडी घाला आणि रस्सा उकळा. मुलांना वडी आवडत नसेल तर ती बारीक करून आमटीत मिसळा.

५. नाचणीची आंबील
चार मोठे चमचे नाचणीचे पीठ वाटीभर पाण्यात रात्री कालवून ठेवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे ओता, सात-आठ मिनिटे हलवत शिजवा. गार झाल्यावर ताक, मीठ, जिरे घाला. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. दूध परवडत नाही अशा घरात ती मुलांना नियमित द्या.

आठवड्याचा नमुना बेत

सोमवार: दुपारी पातळ भाजी आणि भात, रात्री पोळी, शेंगदाण्याचे कूट घातलेली कोबीची भाजी.
मंगळवार: मटकीची उसळ, पोळी, रात्री खिचडी.
बुधवार: पिठले-भाकरी, रात्री मसूरची आमटी, भात.
गुरुवार: सोयावडीचा रस्सा, भात, रात्री पोळी, मेथी-मूगडाळ.
शुक्रवार: हरभऱ्याची उसळ, पोळी, रात्री आंबोळी, शेंगदाण्याची चटणी.
शनिवार: खिचडी, ताकाची कढी, रात्री लाल माठ घातलेली आमटी, भाकरी.
रविवार: अंड्याची किंवा सुकटीची आमटी, भात (शाकाहारींसाठी चवळीची उसळ), रात्री थालीपीठ.

प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, सोयावडी, शेंगदाणे, अंडे किंवा मासळी यांपैकी एक गोष्ट आहे. बेत बदलला तरी एवढे सांभाळा.

ताट वाढताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या शरीरात रक्ताचे प्रमाण कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक बऱ्याच घरांत रोज दिसते: स्वयंपाक करणारी बाई सर्वांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भात उरतो, डाळ-भाजी उरत नाही.

म्हणून जेवायला बसण्याआधीच डाळ आणि भाजी सगळ्यांच्या वाट्यांत वाढून ठेवा, स्वयंपाक करणारीच्याही. जास्त भूक असेल त्याने भात किंवा भाकरी जास्त घ्यावी. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

अंगणवाडीतून घरी आलेला आहार हा त्या मातेचा किंवा त्या बाळाचा आहे. तो सगळ्यांत वाटला तर कोणालाच पुरत नाही. शाळेत जेवलेल्या मुलाचे घरचे जेवणही कमी करू नका. शाळेचे जेवण घरच्या जेवणाला जोड आहे, त्याच्या बदल्यात नाही. ६ महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्या. त्यानंतर दुधाबरोबर मऊ, घट्ट खिचडी आणि त्यात चमचाभर तेल किंवा तूप सुरू करा. गर्भवतींनी सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात.

कामासाठी दुसऱ्या राज्यात असाल तर

ऊसतोडणीसाठी कर्नाटकात किंवा वीटभट्टीसाठी गुजरातमध्ये गेलात, तरी रेशनचा हक्क सुटत नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या सोयीने देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानात शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून, बोटाचा ठसा देऊन धान्य घेता येते. कुटुंबाच्या वाट्याचे काही धान्य गावी राहिलेल्यांनी आणि उरलेले तुम्ही कामाच्या ठिकाणी घेऊ शकता. शिधापत्रिकेतील सर्व सदस्यांची ई-केवायसी निघण्यापूर्वीच पूर्ण करा. बाहेरच्या राज्यात केंद्राच्या योजनेतील धान्य मिळते. त्या राज्याने स्वतःच्या रहिवाशांसाठी ठेवलेली सवलतीची डाळ किंवा तेल मिळेलच असे नाही, म्हणून डाळीचे पैसे हिशोबात धरा. लहान मुले किंवा गर्भवती बरोबर असतील तर तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे आहेत. तो प्लास्टिकचा तांदूळ आहे का?
नाही. पोषणयुक्त केलेल्या तांदळात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे मिसळतात. साधारण १०० किलोत १ किलो. हे दाणे तांदळाच्याच पिठापासून बनवतात. ते रंगाने थोडे वेगळे असू शकतात आणि काही पाण्यावर तरंगतात. निवडून टाकू नका, त्यातच जास्त पोषण आहे.

तांदूळ जास्त येतो, आम्हाला भाकरीची सवय आहे. काय करावे?
तांदूळ दळून आणा. ज्वारीच्या दोन वाट्या पिठात एक वाटी तांदळाचे पीठ मिसळून भाकरी चांगली होते. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीदडाळ भिजवून, वाटून, आंबवून आंबोळ्या करा. रेशनचे धान्य विकू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि मिळालेल्या पैशांत बाजारातून तेवढे धान्य परत येत नाही.

दुकानदाराने धान्य कमी दिले तर?
समोर वजन करून घ्या आणि यंत्रातून निघालेली पावती मागा. पावतीवरील किलो आणि पिशवीतील किलो जुळले पाहिजेत. न जुळल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. दुसऱ्या राज्यात रेशन घेताना अडचण आल्यास १४४४५ वर फोन करा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तेवढ्याने न सुटल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देता येतो.

आजपासून करायच्या तीन गोष्टी

१. धान्य आल्याच दिवशी चार आठवड्यांचे चार भाग करा.
२. पाच वाट्या धान्याला निदान एक वाटी डाळ ठेवा.
३. डाळ-भाजी आधी सर्वांना वाढा, मग जेवायला बसा.